जिन्नाचा वार

आपल्या कॅम्प २ च्या वस्तीत जिन्न उतरवण्याचेही पंचांग आहे. हाजिरीला जुमेरात, उताऱ्याला अमावास्या आणि सफर महिन्यातली ‘तेरा तेजी’ अशुभ. मुलांच्या परीक्षेची तारीख विसरणारे आईबाप आमिलाचा वार मात्र विसरत नाहीत.

जिन्न कुरआनात आहेत, हे मला कुणी सांगायला नको. ७२ वी सूरत त्यांच्याच नावाची आहे. पण जिन्न मानणे वेगळे आणि त्याला वार नेमून देणे वेगळे. सफर महिन्याचा अपशकुन नाकारणारी हदीस सहीह बुखारीत आहे. इ.स. ६३२ मध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोकांनी दोन्हींचा संबंध जोडला. पुत्रशोकातही प्रेषितांनी बजावले, की सूर्यचंद्राला कुणाच्या मरण्याजगण्याने ग्रहण लागत नाही. आपण त्यांचेच उम्मती ना?

आणि अमावास्येला भिता, तर ईदची चाँदरात कधी येते? अमावास्येच्या एक-दोन दिवसांतच. त्या रात्री इथल्या बाजारात लेकीबाळींना पाय ठेवायला जागा नसते, कुणाला काही झपाटत नाही. शब-ए-बरातला पुरुषमंडळी मध्यरात्री कबरस्तानात असतात, धडधाकट परत येतात. रमजानात सैतान जखडले जातात हे पोरासोरांनाही पाठ आहे; तरी आमिलाचे दुकान महिनाभर बंद राहत नाही!

वाराचा खरा उपयोग आमिलालाच. मिरगीचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, पुढचा कधी कधी कित्येक दिवसांनी येतो. मधल्या शांततेचे श्रेय तावीजाला. पुन्हा आला, की ‘एक जुमेरात चुकली, आता नव्याने सात करा.’ असा इलाज कधी फसतच नाही.

माझ्या वर्गातली सातवीची एक मुलगी अशा जुमेराती करता करता शाळेतून गळाली. मी घरी गेले. तिची अम्मी हळूच म्हणाली, “बाजी, जिन्न उतरला म्हणून सांगता येतं. मिरगीचा कागद झाला तर मुलीला स्थळ कोण आणणार?” अडाणीपणापेक्षा ही भीती मोठी आहे, आणि ती आपणच, वरपक्ष होऊन, पोसली आहे. योग्य औषधाने दहापैकी सात रुग्णांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत. २८ जण गेले. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा गुन्हा ठरवला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. हा कायदा फक्त ‘त्यांच्या’ मांत्रिकांसाठी आहे, असे समजणारे आपल्यात बरेच आहेत.

दर्ग्याशी माझे वैर नाही. हाजी मलंगला सलाम करायला मीही गड चढते. गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ साली ‘दवा आणि दुआ’ सुरू झाले. मुजावरच रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. त्यांचा ईमान काही बुडाला नाही. आपल्या मशिदींच्या फळ्यावर नमाजच्या वेळा असतात. त्याखाली सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार आणि मिरगीच्या ओपीडीचे वारही लिहा, आणि येत्या जुम्याला इमामसाहेबांनी ते वाचून दाखवावेत.