प्रश्नोत्तराची पाच मिनिटे

विद्यापीठातील विज्ञानविभागाचा वार्षिक संशोधन परिसंवाद हा साहित्याच्या अभ्यासकांच्या आस्थेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणी मानत नाही. रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र या विभागांच्या दारांवरचे फलक आम्ही वाचतो आणि आपापल्या वर्गाकडे वळतो. ही अलिप्तता आम्हांस अलीकडे खटकू लागली आहे. कारण त्या सभागृहात जे घडते, किंवा घडायचे राहून जाते, त्याचा संबंध थेट भाषेशी आहे.

नागपूरला विज्ञानसभा नवीन नाहीत. १९२० साली भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी आचार्य प्रफुल्लचंद्र राय होते. १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या शताब्दी वर्षात, जानेवारी २०२३ मध्ये, याच काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन विद्यापीठाच्या अमरावती मार्गावरील परिसरात झाले. पुढच्या जानेवारीतले नियोजित अधिवेशन मात्र होऊ शकले नाही. मोठे मेळावे निधी, मान्यता आणि मानपान यांवर अवलंबून असतात. विभागाच्या परिसंवादाचे तसे नसते. एक सभागृह, एक प्रोजेक्टर, दोन वेळचा चहा आणि काही संशोधक विद्यार्थी एवढ्यावर तो उभा राहतो. म्हणूनच तो जपण्याजोगा आहे.

त्याला कीड लागली ती गुणांच्या हिशेबाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि चर्चासत्रातील निबंधवाचनालाही गुण मिळू लागले. २०१६ च्या नियमावलीने पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी दोन निबंधवाचने आवश्यक ठरवली. निबंध वाचायचा, प्रमाणपत्र घ्यायचे आणि दुपारच्या जेवणानंतर गाव गाठायचे, हा शिरस्ता रूढ झाला. (मराठी विभागांतील चर्चासत्रे यास अपवाद होती, असे आमचे मुळीच म्हणणे नाही.) २०२२ च्या नियमावलीने संशोधकांवरील ही सक्ती काढून टाकली. मग सक्ती नसताना परिसंवाद भरवायचा तो कशासाठी?

आमच्या मते याचे उत्तर कार्यक्रमपत्रिकेतच असते, फक्त ते बारीक अक्षरांत छापलेले असते. सादरीकरण दहा मिनिटे, प्रश्नोत्तरे पाच मिनिटे. निबंध तर घरी बसूनही वाचता येतो. चारचौघांत उभे राहून प्रश्नाला सामोरे जाणे मात्र घरी बसून होत नाही. असे असूनही पहिला बळी नेमका या पाच मिनिटांचाच जातो. वेळ उरली नाही म्हणून अध्यक्ष पुढचे नाव पुकारतात. वेळ उरलीच, तर सभागृह गप्प बसते. ही शांतता अज्ञानाची असते, असे आम्हांस वाटत नाही. पाठ केलेले इंग्रजी दहा मिनिटे पुरते. अनपेक्षित प्रश्न आला, की हाताशी असलेली वाक्ये संपतात. प्रश्न विचारू इच्छिणाऱ्याचीही तीच अडचण असते. मग चहाच्या टेबलाभोवती तेच विद्यार्थी मराठीत आणि हिंदीत त्याच विषयावर तावातावाने बोलू लागतात.

एक उदाहरण कल्पून पाहावे. काटोलकडची एखादी विद्यार्थिनी संत्र्याच्या रोगांवर संशोधन करीत आहे. आंबिया आणि मृग बहार, फळगळ, डिंक्या, कोळशी हे शब्द तिने प्रयोगशाळेत येण्याआधीच बागेत ऐकलेले आहेत. काळ्या माशीच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि झाड कोळसा फासल्यासारखे दिसते, म्हणून ती कोळशी. हे नाव देणाऱ्या शेतकऱ्याने निरीक्षण केलेले होते. सभागृहात मात्र या विद्यार्थिनीला फक्त ‘गमोसिस’ आणि ‘फायटोफ्थोरा’ एवढेच उच्चारता येते. डिंक्या कोणत्या जमिनीत अधिक, पाणी कसे दिले असता वाढतो, याविषयी घरच्यांनी सांगितलेले प्रबंधात आले नाही तरी चालेल; पण त्यातून निघू शकणारा प्रश्न तिच्या मनातच राहून जावा, हे संशोधनाचेच नुकसान आहे.

यावर कोणी म्हणेल, की विज्ञानाची भाषा आज इंग्रजी आहे. ते आम्हांस मान्य आहे. शोधनिबंध इंग्रजीतच लिहावा. जगाने तो वाचायला हवा. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) लॅटिनमध्ये लिहिले आणि ‘ऑप्टिक्स’ (१७०४) इंग्रजीत. एका संशोधकाने दोन भाषा बाळगण्यात विसंगती नाही. दुसरा आक्षेप परिभाषेचा. याचा मोठा प्रयोग नागपुरातच होऊन गेला आहे. नागपूर राजधानी असण्याच्या काळात डॉ. रघुवीर यांनी येथे राहून संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्या कामाचे पांडित्य वादातीत आहे. तरी त्यातील बहुसंख्य शब्द कोशातच राहिले. आधी शब्द आणि मग बोलणे, हा क्रमच उलटा होता, असे आमचे मत आहे. संज्ञा खुशाल इंग्रजी असू द्यावी; वाक्य मराठी असले, की विचार पुढे सरकतो.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. प्रश्नोत्तराची पाच मिनिटे कापली जाऊ नयेत, आणि त्यांत मराठी व हिंदी बोलण्याची मुभा अध्यक्षांनी आरंभीच जाहीर करावी. गोषवाऱ्यांच्या पुस्तिकेत प्रत्येक निबंधाचा एक परिच्छेद मराठीत असावा. तो लिहिताना मराठी विभागातील एका विद्यार्थ्याने संशोधकाशेजारी बसावे आणि कळले नाही तेथे ‘म्हणजे काय?’ असे विचारावे. दोघांनाही काही शिकता येईल.

२०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनासाठी जयंत नारळीकर यांची अध्यक्षपदी निवड करून आपण विज्ञानाचा गौरव केला. विज्ञानविभागाच्या सभागृहात जाऊन मागच्या रांगेत बसणे त्याहून कमी समारंभाचे, पण अधिक कष्टाचे काम आहे. येत्या परिसंवादाचा फलक लागेल, तेव्हा मराठीच्या अध्यापकांनी आपले विद्यार्थी तेथे न्यावेत, अशी आमची विनंती आहे.