साडेबारा टक्क्यांचे कर्तृत्व

पूर्वी नोकरीच्या अर्जात माणूस दोनच आकडे अभिमानाने लिहीत असे: वय आणि टंकलेखनाचा वेग. मराठी ३०, इंग्रजी ४०. आकडे खरे असत, कारण सरकार परीक्षा घेऊन दाखला देई आणि तरी शंका आलीच, तर साहेब घड्याळ लावून यंत्रासमोर बसवी. आता अर्जाचा ‘सीव्ही’ झालाय आणि ओळीओळीला टक्का चिकटलाय. ‘विक्री २७ टक्क्यांनी वाढवली.’ एकट्याने? मग दुकानातली बाकीची मंडळी काय माशा मारत होती?

टक्क्यांचं आम्हा करावेकरांना कौतुक सांगू नये. सिडकोने नवी मुंबईसाठी गावोगावच्या जमिनी घेतल्या. १९८४ साली उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्यातले पावणेचार सामाजिक सुविधांसाठी वजा; हातात पावणेनऊ. कागदावरचा टक्का वेगळा आणि पदरात पडणारा वेगळा, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

आमच्या शेजारची मुलगी चार वर्षं एका रुग्णालयात रात्रपाळीची नर्स होती. नोकरी बदलायची म्हणून सल्लागाराकडे गेली.

“मॅडम, अचीव्हमेंट मोजता आली पाहिजे.”

“माझ्या पाळीत एकही म्हातारं माणूस खाटेवरून पडलं नाही.”

“ते किती टक्के?”

आता न पडलेल्या म्हाताऱ्यांचे टक्के कसे काढायचे हो? तिने ती जागा कोरी ठेवली. तिच्याच वॉर्डातल्या एकाने ‘रुग्णसमाधानात ३२ टक्के वाढ’ असं ठोकून दिलं. मुलाखतीचं बोलावणं कुणाला आलं, ते सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे खरं बोलणारी घरी, आणि थापा मारण्याचा पहिला धडा नोकरी लागण्याआधीच!

तुम्ही म्हणाल, मग मालकाने माणूस पारखायचा कसा? मोजता येतं ते खुशाल मोजा. किती खाटा, किती पाळ्या, किती वर्षं. पडताळून पाहता येतं. उरलेल्यासाठी जुन्या ठिकाणी एक फोन करा, चार प्रश्न विचारा, आठवडाभर काम देऊन बघा. बाजारात पापलेट घेताना आपण कोळणीला टक्केवारी विचारतो का? कल्ला उचलून बघतो. माणूस घेताना निदान तेवढी तरी तसदी घ्यावी!