शंभरच्या पुढची मूळ संख्या

१ ते १०० मधल्या २५ मूळ संख्या पाठ झाल्या की आपला धडा संपतो. मला हे पटत नाही.

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ अशा संख्यांमध्ये रमले. त्यांना त्यांनी नाव दिलं डेम्लो संख्या. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला, की येतात १२३४५६७८९८७६५४३२१. वर्गच तो, मूळ कसा असणार? पण मधल्या ९ नंतर १०९ घाला: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. ही चक्क मूळ संख्या आहे!

आमच्या टाकवे बुद्रुकमध्येही एवढं फळ्यावर मावतं. मुलांना कसोट्या लावू द्या. शेवटी १, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ९१, म्हणून ३ गेला. एकाआड एक अंकांच्या बेरजा ४५ आणि ४६, म्हणजे ११ पण गेला. लगेच आवाज येतो, "सर, मूळ आहे!"

थांबा. त्या ९१ लाही २, ३, ५, ११ ने भाग जात नाही, तरी ते ७ × १३ आहेत. भाग सापडला नाही आणि भाग जातच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी. खात्रीसाठी वर्गमूळापर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३५१ कोटींपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल. ते काम संगणकाचं. पेपरात हा फरक विचारत नाहीत, म्हणून आपण शिकवतही नाही. पालकांनी घरी आधी ९१ विचारावं, मग २२१.