आकाशातील दिव्यांची माळ : दोन्ही पक्षांना उत्तर

सातारा-सांगली भागाच्या आकाशातून संध्याकाळी दिव्यांची माळ सरकताना दिसली की हौशी निरीक्षकांत दोन तट पडतात. एकाला त्यात परग्रहावरचे यान किंवा टेहळणीचे ड्रोन दिसते. दुसरा ‘स्टारलिंक आहे’ एवढे म्हणून विषय मिटवतो. पहिल्याचे खंडन सोपे आहे. दुसऱ्याचे अधिक निकडीचे, कारण तो विज्ञानाचे नाव पुढे करून पुराव्याला फाटा देतो.

मे २०१९ मध्ये स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहसमूहाचे पहिले ६० उपग्रह एकाच अग्निबाणातून सोडले गेले. असे उपग्रह सुरुवातीचे काही दिवस साधारण ३०० किलोमीटर उंचीवर ओळीने फिरतात; मग पांगत ५५० किलोमीटरच्या आसपास चढतात. त्यांना स्वतःचा उजेड नसतो. जमिनीवर अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असते आणि तेच आपल्याला दिसते. ‘माळ मध्येच विझली, म्हणजे कोणीतरी दिवे मालवले’ हा यानवाद्यांचा आवडता मुद्दा इथेच कोसळतो: उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरले, इतकेच. ड्रोनचा तर्कही टिकत नाही. सातारा आणि सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर दूर आहेत. नियमांनी सर्वसाधारण ड्रोनला घालून दिलेली मर्यादा १२० मीटरची. तेवढ्या उंचीवरचा दिवा एकाच क्षणी दोन्ही शहरांतून दिसणे अशक्य आहे.

आता दुसरा पक्ष. ३०० किलोमीटरवरचा उपग्रह डोक्यावर असताना सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासात सावलीत जातो. म्हणजे मध्यरात्री ऐन माथ्यावर दिसलेल्या दिव्याला स्टारलिंक म्हणणे साताऱ्याच्या अक्षांशावर निखालस चूक आहे. पश्चिमेला खाली टेकलेला शुक्र हवेच्या थरांमुळे लुकलुकतो, रंग बदलतो. तोही माळेत बसत नाही.

घाईचा निष्कर्ष जाणकारांनाही चकवतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळत्या तुकड्यांची रांग जाताना दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. त्याच दिवशी न्यूझीलंडहून एक अग्निबाण सुटला होता, म्हणून हे त्याचेच अवशेष असे सुरुवातीला सांगितले गेले. पुढे कक्षा आणि वेळ ताडून पाहिल्यावर खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ते २०२१ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’च्या तिसऱ्या टप्प्याचे असल्याचे दाखवले. पहिले स्पष्टीकरणही वैज्ञानिक भाषेतच होते. त्यात फक्त पडताळणी नव्हती.

या वादात खरी किंमत सामान्य माणसाच्या निरीक्षणाला आहे. मात्र ते मोजता येण्याजोगे हवे. वेळ सेकंदापर्यंत, दिशा, क्षितिजापासूनची उंची आणि दिवा किती वेळ दिसला, एवढे टिपले तर बराच गुंता सुटतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा काही सेकंदांत संपते. कक्षेतून पडणारे अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटरने येतात, म्हणून अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक काळ जळताना दिसतात. माळ शांतपणे काही मिनिटे चालते.

इथे दोन शहरांमधले अंतर उपयोगी पडते. साताऱ्याच्या अगदी माथ्यावर ९० किलोमीटर उंचीवर पेटलेली उल्का सांगलीकराला क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर दिसेल. ३०० किलोमीटरवरचा उपग्रह जवळपास ७० अंशांवर. हातात दुर्बीण नसली तरी हा फरक साध्या डोळ्यांना कळतो, आणि पार्श्वभूमीला ओळखीचे तारे आलेले मोबाइलचे छायाचित्र असेल तर तो अंशांत मोजता येतो. दोन्हीकडची नोंद एकाच क्षणाची हवी, हीच खरी अट. जिथे एकाच ठिकाणची, वेळ न टिपलेली आठवण हाती असते, तिथे ‘अनिर्णित’ लिहिणे दोन्ही पक्षांवर बंधनकारक आहे.