कार्डाची किंमत आणि टेम्पोचे भाडे

गणपती पाण्यात गेले की देवबागपासून आचऱ्यापर्यंतच्या निवासांत एकच लगबग सुरू होते. गाद्यांना ऊन दाखवायचे, भिंतींवरची बुरशी खरवडायची, पंख्यांच्या पात्यांवर चढलेला गंज पुसायचा. पावसाळाभर बंद असलेली सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी पुन्हा सुटलेली असते, दसऱ्यापासून पाहुणे येणार असतात आणि स्वयंपाकघरातले डबे रिकामे असतात. त्याच सुमारास मुंबईहून सणाला आलेले कुणीतरी खिशातून घाऊक भांडाराचे कार्ड काढून दाखवते. तेल इतके स्वस्त, साखर तितकी स्वस्त. मग प्रश्न उभा राहतो, की मालवणात चार खोल्या आणि एक खानावळ चालवणाऱ्याने असे कार्ड काढावे का? सभासद शुल्क असेल तर ते भरून निघते का?

एकट्या निवासाला ते परवडत नाही, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. दहा स्वयंपाकघरे एकत्र आली तर मात्र घाऊक खरेदी परवडते, आणि तेव्हा कार्ड ही त्यातली सगळ्यात किरकोळ बाब ठरते.

पैसे भरून दुकानात शिरण्याची ही कल्पना अमेरिकेतली. सॉल प्राइस यांनी १९७६ मध्ये सॅन दिएगोत ‘प्राइस क्लब’ काढला, १९८३ मध्ये सिअ‍ॅटलला ‘कॉस्टको’ सुरू झाले आणि १९९३ मध्ये दोन्ही एक झाले. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हे दुकान चांगले ठाऊक आहे. सप्टेंबर २०२४ पासून तिथले साधे वार्षिक शुल्क ६५ डॉलर आणि वरच्या दर्जाचे १३० डॉलर झाले. वरच्या दर्जाला खरेदीच्या दोन टक्के परत मिळतात. म्हणजे जादा भरलेले ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी लागते. तिथल्या गिऱ्हाइकाचा हिशेब असा एका ओळीत मांडता येतो. दुकानदाराचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोला शुल्कातून सुमारे ४.८ अब्ज डॉलर मिळाले आणि निव्वळ नफा सुमारे ७.४ अब्ज डॉलर झाला. मालावर साधारण चौदा-पंधरा टक्क्यांच्या वर चढावा घ्यायचा नाही, जेमतेम चार हजार प्रकारचा माल ठेवायचा आणि नफ्याचा मोठा भाग शुल्कातून काढायचा, ही त्यांची रीत. तिथे सभासदाचे शुल्क हाच दुकानाच्या नफ्याचा मोठा आधार असतो.

आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी आली नाही. परदेशी कंपन्यांना १९९७ मध्ये घाऊक ‘कॅश अँड कॅरी’ व्यापाराची वाट मोकळी झाली, पण अट अशी की माल विकायचा तो व्यवसाय करणाऱ्यालाच. म्हणून २००३ मध्ये बंगळूरला ‘मेट्रो’ आली तेव्हा कार्ड मागायला येणाऱ्याकडे पैशांपेक्षा व्यवसायाचा पुरावा मागितला गेला. वॉलमार्टचे पहिले भांडार २००९ मध्ये अमृतसरला उघडले. तो व्यवसाय २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे गेला. मेट्रोची भारतातली ३१ भांडारे २०२३ मध्ये रिलायन्सने २,८५० कोटी रुपयांना घेतली. यांतले एकही भांडार मालवणच्या निवासधारकाला सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येईल इतके जवळ नाही, आणि इथला सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आता मालवणी स्वयंपाकघरात डोकावू या. पाहुणा इथे येतो तो सुरमईच्या तुकडीसाठी, बांगड्याच्या तिखल्यासाठी, कोंबडी-वड्यांसाठी आणि सोलकढीसाठी. मासे बंदरावरच्या लिलावातून नाहीतर ओळखीच्या मासेवालीकडून येतात. नारळ परसातला किंवा शेजारचा, सोले गावातली, मालवणी मसाला बचतगटाच्या बायकांनी भाजून-कांडून दिलेला. उकडा तांदूळ कुडाळ-सावंतवाडीच्या शेतातला. दूध, अंडी, कोंबडी, भाजी रोजची. यांतले काहीही घाऊक भांडाराच्या फडताळावरून आणायचे नसते आणि आणूही नये, कारण पाहुणा त्याच चवीचे पैसे मोजतो. मग कार्डाच्या कक्षेत उरते काय? तेलाचे डबे, साखर, चहा, डाळी, मैदा, पाहुण्यांसाठीचा कोलम, साबण, फिनेल, कागदी रुमाल, कचऱ्याच्या पिशव्या.

समजा, हंगामात एका निवासाचा महिन्याचा बाजार ६०,००० रुपयांचा आहे आणि त्यातला २०,००० रुपयांचा माल असा कोरडा आहे. कुडाळ-कणकवलीच्या एजन्सीच्या भावापेक्षा शहरातल्या भांडारात तो सहा टक्क्यांनी स्वस्त मिळाला, तर वाचले १,२००. आता कोल्हापूरची एक फेरी धरा. जाऊन-येऊन सुमारे तीनशे किलोमीटर, पिकअप लिटरला बारा किलोमीटर गेली तर पंचवीस लिटर डिझेल. नव्वद रुपयांच्या दराने २,२५० रुपये इंधनातच गेले. चालकाचा दिवस आणि घाटात झिजलेले टायर त्यात धरलेलेच नाहीत. शुल्क शून्य असले तरी हा व्यवहार तोट्याचा आहे. शिवाय फडताळावरचा भाव करासह आहे की कराविना, हे बिल होईपर्यंत अनेकांच्या लक्षात येत नाही. पाच टक्के जीएसटीत चालणाऱ्या खानावळीला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. तो कर तिच्या खर्चातच पडतो.

दुसरी गोष्ट साठवणीची. कोकणाला एकदम माल भरणे नवीन नाही. आगोटची बेगमी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे: मे संपता संपता तांदूळ, सुके बांगडे, गोलमा, कांद्याच्या माळा, चुलीची लाकडे, सगळे घरात. ही बेगमी स्वस्ताईसाठी नव्हती. समुद्र बंद, वाट बंद, बाजार बंद, म्हणून ती करावीच लागे. आज रस्ता बारमाही आहे आणि एजन्सीची गाडी ठरल्या दिवशी दारात येते. अशा वेळी पन्नास किलोचे पोते उघडून ठेवायचे तर खारा दमट वारा आपले काम करतो. पोहे मऊ पडतात, रव्यात जाळी होते, डाळीला टोके लागतात, खोबरे खवट होते. सहा टक्के वाचवून दहा टक्के माल उकिरड्यावर गेला तर तो हिशेब कुठल्याच वहीत लिहिला जात नाही. म्हणून पंधरा दिवसांत जेवढे संपते तेवढेच आणावे. साबण-फिनेलसारखा न सडणारा माल तेवढा महिनाभराचा चालेल.

तेलाचे तर आणखी निराळे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण आयातकर साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेला. मे २०२५ च्या अखेरीस तो साडेसोळावर आणला. पहिल्या वेळी ज्यांच्याकडे डबे भरलेले होते त्यांना फायदा झाला. दुसऱ्या वेळी ज्यांनी डबे भरून ठेवले होते ते चढ्या दराचा माल घेऊन बसले, आणि तेही नेमका मालवणचा हंगाम संपताना. सवलत चार-सहा टक्क्यांची आणि सरकारच्या एका अधिसूचनेने हलणारा कर त्याच्या कितीतरी पट. मोठा साठा करणारा निवासधारक नकळत तेलाचा व्यापारी होतो, आणि त्या धंद्याची जोखीम पेलेल इतके भांडवल चार खोल्यांच्या निवासाकडे नसते.

उधारीचा विचारही कुणी करत नाही. जून ते ऑगस्ट खोल्या रिकाम्या असतात, पण घरची चूल पेटतीच असते. त्या तीन महिन्यांत गावातला किराणावाला वहीत लिहून माल देतो आणि दिवाळीनंतर पैसे घेतो. ४०,००० रुपये तीन महिने वापरायला मिळाले, तर बारा टक्के व्याजाने त्याची किंमत १,२०० रुपये होते. म्हणजे वरच्या उदाहरणातली महिन्याची बचत तेवढ्यातच फिटली. घाऊक भांडारात रोख मोजायची आणि माल उचलायचा. हंगामात सगळी खरेदी शहरात करून पावसाळ्यात गावच्या दुकानाची पायरी चढायची, हे व्यवहारालाही धरून नाही आणि शेजारधर्मालाही.

मग घाऊक भाव मालवणला मिळूच नये का? मिळावा, आणि त्याची वाट मराठी माणसाने आधीच दाखवलेली आहे. नायगावला १९४८ मध्ये उभ्या राहिलेल्या अपना बाजारने गिरणी कामगारांच्या घरात रास्त भावाचा किराणा पोहोचवला. त्या वस्तीत कोकणातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले. शेजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एका घरी उतरवायचा आणि तिथे वाटून घ्यायचा. सहकारी संस्थेत भरलेला भाग सभासदाच्या नावावर राहतो. क्लबाचे शुल्क वर्ष संपले की संपते. निवडताना हा फरक विसरू नये.

वरचेच आकडे दहा निवासांना लावून पाहावेत. २०,००० चे झाले दोन लाख, सहा टक्क्यांनी वाचले १२,०००. टेम्पोचे भाडे आणि हमाली मिळून सात हजार धरली तरी पाच हजार उरतात. त्याहून महत्त्वाचे, दोन लाखांची मागणी घेऊन कुडाळ-कणकवलीच्या एजन्सीकडे गेले तर तीच एजन्सी भाव पाडून दारात माल देईल, आणि टेम्पो लागणारही नाही. या मासिकाचा आग्रह आधी हाच मार्ग तपासण्याचा आहे. रीतसर संस्था नोंदवायची तर वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात. पण सुरुवातीला त्याचीही गरज नाही. तारकर्ली, वायरी, देवबाग इथल्या घरगुती खानावळी बहुतांशी बायकाच चालवतात. बचतगटाची बैठक, हजेरी, हिशेबवही त्यांच्या हातची आहे.

पहिल्या खेपेला यादी आठ-दहा वस्तूंचीच असावी: तेल, साखर, चहा, तूरडाळ, कोलम, साबण, फिनेल, कागदी रुमाल. बिल प्रत्येक निवासाच्या नावाने वेगळे घ्यावे, म्हणजे माल एकाने घेऊन दुसऱ्याला विकला असे होणार नाही आणि अन्नपरवान्याच्या तपासणीत कागद हाताशी राहील. पैसे मागणीबरोबरच गोळा करावेत. माल उतरवायला पावसात गळत नाही आणि भरतीचे पाणी शिरत नाही अशी पडवी निवडावी. एजन्सीचा भाव, शहरातल्या भांडाराचा भाव आणि गावच्या दुकानाचा भाव अशा तीन रकान्यांची वही दसरा ते मे सलग भरावी. हंगाम संपताना या वह्या मासिकाकडे आल्या, तर जूनच्या अंकात ते सगळे भाव शेजारी शेजारी छापता येतील.