घोळीवर उतरलेली मेहमान

पावसाळा लागला की अंगणात घोळ आपोआप उगवते. कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही. मुगाच्या डाळीत टाकली तर भाजी, नाहीतर कचरा म्हणून उपटून बाहेर. याच घोळीवर एक असे फुलपाखरू अंडी घालते, ज्याचे नाव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घेतले गेले. त्याला इंग्रजीत डॅनेड एगफ्लाय म्हणतात आणि मराठीत छोटा चांदवा.

चांदवा हे नाव नराला शोभते. मखमली काळे पंख, त्यावर चंद्रासारखे पांढरे ठिपके आणि ठिपक्यांभोवती जांभळी झळाळी. मादी मात्र अगदी वेगळी. ती नारिंगी, पंखांची टोके काळी आणि त्यात पांढरे पट्टे. दोघांना शेजारी बसवले तरी ही एकाच जातीची जोडी आहे, यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

मादीचा हा रंग उसना आहे. प्लेन टायगर नावाचे नारिंगी फुलपाखरू आपल्याकडे सगळीकडे दिसते. त्याच्या अळ्या रुईची पाने खातात. रुईच्या चिकातले विष अळीच्या आणि पुढे फुलपाखराच्या अंगात उतरते. एकदा ते खाऊन तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. छोट्या चांदव्याची मादी स्वतः विषारी नाही, पण त्याच वेशात फिरते आणि बचावते. या वेशांतराचा उलगडा हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८६२ साली केला. दहावी-बारावीच्या मुलांना ‘मिमिक्री’ हा शब्द पाठ असतो, पण तिचे उदाहरण आपल्याच अंगणात उडते हे त्यांना ठाऊक नसते.

म्हणूनच हे फुलपाखरू दुर्मीळ वाटण्यामागे एक साधे कारण आहे. आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत त्याचा वावर आहे, पण मादी समोर बसली तरी आपण तिला प्लेन टायगर समजून पुढे निघून जातो.

ओळखायचे कसे? मागच्या पंखांकडे पाहा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात. चांदव्याच्या मादीला तिथे एकच ठिपका असतो, तोही पंखाच्या वरच्या कडेजवळ. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

आमच्या पुसदच्या घरी गेल्या सप्टेंबरात ही खूण कामी आली. भेंडीवर मावा पडला होता. शेजारच्या एका भल्या माणसाने कापसाची उरलेली दवा आणून दिली आणि म्हणाला, “पंप लावतो, सगळं अंगण एका दमात साफ होईल.” अम्मींनी त्याला चहा दिला, पण दवा परत पाठवली. म्हणाल्या, “घोळ उद्या पोरांच्या ताटात जाणार आहे बाबा.” त्यांना फुलपाखराचे काही माहीत नव्हते. आठवडाभरात माझ्या मुलीला त्याच घोळीवर काळपट, काटेरी अळ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एक नारिंगी मादी पानापानावर थांबत, शेपटाकडचा भाग वाकवून अंडी घालताना दिसली. मागच्या पंखावर ठिपका एकच होता.

असा योग तुमच्या घरी आला तर मोबाईल पुरेसा आहे. सकाळचे कोवळे ऊन बरे, कारण तेव्हा फुलपाखरू पंख उघडून ऊन खात बसते. हळू जा, खाली वाका, आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. आधी दुरून एक फोटो घ्या, मग एकेक पाऊल पुढे. पंख उघडे असतानाचा एक आणि मिटलेले असतानाचा एक, असे दोन्ही फोटो हवेत. नराच्या बाबतीत तर मोठा चांदवा की छोटा, हे ठरवायला पंखांची खालची बाजू पाहावी लागते. अंडी किंवा अळी दिसली तर ज्या झाडावर आहे त्या झाडाचाही फोटो घ्या. रंग उजळणारे फिल्टर वापरू नका. फुलपाखरू चिमटीत धरू नका, पंखांवरची खवले निघून येतात. शाळेच्या प्रोजेक्टसाठी टाचणीने टोचण्याचा तर विचारही नको.

फोटो फक्त स्टेटसला ठेवला तर चोवीस तासांत जातो. तोच ‘आय-नॅचरलिस्ट’ किंवा ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळांवर तारीख आणि गावासह दिला तर जाणकार ओळख पटवतात आणि नोंद कायमची राहते. जंगलातल्या फुलपाखरांची नोंद करायला अभ्यासक टिपेश्वरला जातील. आपल्या मोहल्ल्यातल्या परसात डोकावायला कोण येणार? ती नोंद घरातल्या बायका-मुलांनीच करायची आहे. घराचा पत्ता उघड होईल अशी भीती नको. आय-नॅचरलिस्टवर नेमके ठिकाण झाकण्याची सोय आहे. फोटोत माणसे येऊ न देणे तर आपल्याच हाती आहे.

राहिला प्रश्न दवेचा. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. हे मोकळ्या शेतात झाले. तेच औषध चार भिंतींच्या अंगणात, चुलीपासून दहा पावलांवर कशाला आणायचे? उरलेली बाटली घरात ठेवूच नका, सरबताच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नको. माव्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारला तरी बराचसा गळून पडतो आणि उरलेला ढालकिडे खातात.

महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू जाहीर केले. असे करणारे हे देशातले पहिले राज्य. त्या फुलपाखराच्या अळ्या लिंबू-संत्र्याच्या जातीची पाने खातात. कढीपत्त्यावरही कॉमन मॉरमॉनच्या अळ्या वाढतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकाला लागणारी झाडेच त्यांचीही घरे आहेत. या पावसाळ्यात घोळ उपटताना एका कोपऱ्यातली हातभर जागा तशीच राहू द्या. सप्टेंबरात देशभर फुलपाखरांच्या नोंदी घेण्याचा महिना पाळला जातो, तोवर ती चांगली वाढलेली असेल. तेव्हा रोज सकाळी मुलांना पाच मिनिटे तिथे पाठवा आणि मागच्या पंखावरचे ठिपके मोजायला सांगा.