सूत्र पाठ, चुंबक अनोळखी

राष्ट्रीय क्वांटम अभियानाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आणि २०३०-३१ पर्यंतच्या कार्यक्रमासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद केली. पुंजयामिकीच्या शताब्दीनिमित्त संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे क्वांटम विज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. सरकारने या विषयात द्रव्य घालावे हे उचितच होय. परंतु कोणत्याही उद्योगाला भांडवलाइतकीच माणसांचीही गरज असते, आणि माणसे पैशाप्रमाणे एका ठरावाने मंजूर करता येत नाहीत. ती घडतात रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या गावांतील अकरावी-बारावीच्या वर्गांत. तेथे विद्युतचुंबकत्वाचे आणि पुंजयामिकीचे पहिले धडे कसे गिरवले जातात, यावर या सहा हजार कोटींचे फलित बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

हे धडे मुळात दुर्बोध नाहीत. १८२० साली कोपनहेगन येथे ओर्स्टेड यांना दिसले, की तारेतून वीज वाहू लागताच शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. १८३१ साली फॅरडे यांनी उलट बाजू दाखवून दिली : वेटोळ्याजवळ चुंबक हलवला, की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. चुंबक नुसता ठेवून भागत नाही; क्षेत्र बदलले पाहिजे. मॅक्सवेल यांनी पुढे ही सारी निरीक्षणे गणिताच्या एका सूत्रात ओवली आणि प्रकाश हीही विद्युतचुंबकीय लहरच असल्याचे अनुमान काढले. रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला याची उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. खांबावरचे रोहित्र, स्वयंपाकघरातला मिक्सर, मिरकरवाड्याच्या नौकेवरचे होकायंत्र, २०२२ साली विद्युतीकरण पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेची पंचवीस हजार व्होल्टची तार, या सर्वांच्या मुळाशी हीच दोन निरीक्षणे आहेत.

या शास्त्राचा एक बोधप्रद इतिहास तर कोकणच्या किनाऱ्यावरच घडला आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत असत. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेची ट्राम आणण्याचे घाटू लागले. विजेचा प्रवाह आपल्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो हे ओर्स्टेड यांचे निरीक्षण येथे व्यवहारात आडवे आले. ट्राम धावू लागल्यावर कुलाब्याच्या सुया पृथ्वीबरोबर ट्रामचाही हिशेब सांगू लागल्या असत्या. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागची निवड केली. तेथील इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून पोरबंदरी दगड, तांबे आणि पितळ वापरण्यात आले. १९०४ पासून दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली, जेणेकरून जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा निखळू नये. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली धावली, तोवर अलिबागचे काम सुरळीत चालू झाले होते.

त्या नोंदींचा तत्काळ उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते तर समाधानकारक उत्तर देणे कठीण गेले असते. उत्तर मिळाले ते फार उशिरा. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील प्रचंड उद्रेकामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ झाले. त्या वेळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी दर काही मिनिटांनी हाताने टिपलेल्या आकड्यांत क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलेला दिसतो. २००३ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता अजमावली. या ज्ञानाचे मोल १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने जाणले. त्याहून सौम्य अशा एका वादळाने लांबलचक वीजवाहिन्यांत अवांछित प्रवाह निर्माण केले आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तासांच्या आसपास अंधारात राहिले. फॅरडे यांच्या वेटोळ्याची जागा प्रांतभर पसरलेल्या तारांनी घेतली होती आणि हलत्या चुंबकाची जागा पृथ्वीने, इतकाच काय तो फरक. विजेचे जाळे जसजसे विस्तारते आहे, तसतसे हे जुने आकडे अधिकच मोलाचे ठरत आहेत.

पुंजयामिकीचा पहिला धडाही असाच सुगम करता येतो. उष्ण पदार्थ ऊर्जा अखंड धारेने देत नाही, ठरावीक पुड्यांनी देतो, असे प्लांक यांनी १९०० साली मांडले. प्रकाशही अशाच पुड्यांचा बनलेला असतो आणि प्रत्येक पुडीची ऊर्जा त्याच्या वारंवारतेवर, म्हणजे रंगावर, ठरते, असे आइन्स्टाइन यांनी १९०५ साली प्रतिपादन केले. जांभळ्या प्रकाशाचा मंद झोत ज्या धातूमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो, त्यातून तांबड्या प्रकाशाचा प्रखर झोतही एकही इलेक्ट्रॉन काढू शकत नाही. पाच रुपयांचेच नाणे स्वीकारणाऱ्या वजनाच्या यंत्रात रुपयाची शंभर नाणी टाकली तरी काटा हलत नाही, तसाच हा प्रकार. पुढे १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी या कल्पनांना गणिताची पूर्ण चौकट दिली, आणि सूक्ष्म कणांविषयी निश्चित भाकिताऐवजी शक्यता सांगण्याची रीत विज्ञानात रूढ झाली.

हे दोन धडे जेथे एकत्र येतात ते ठिकाण पुन्हा चुंबकीय वेधशाळाच आहे. तेथे वापरल्या जाणाऱ्या प्रोटॉन चुंबकमापकात पाण्यासारख्या द्रवातील प्रोटॉनचे घुमणे मोजले जाते. प्रोटॉन हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक असतो. त्याची दिशा क्षेत्राच्या संदर्भात दोनच प्रकारे मोजता येते, आणि तो भोवऱ्यासारखा किती वेगाने डोलतो हे क्षेत्राच्या बळावरून ठरते. भारतात हा दर सेकंदाला सुमारे दोन हजार भरतो. राष्ट्रीय अभियानात क्वांटम संवेदन आणि मापनाचे केंद्र पवईच्या आयआयटीकडे सोपवले आहे. म्हणजे मूस यांनी ज्या कामासाठी पितळी खिळे वापरले, त्याच कामाचा पुढचा अध्याय आता लिहिला जाणार आहे.

अशा वेळी वर्गातील वस्तुस्थिती काय आहे? अभियांत्रिकीचा प्रवेश सीईटी आणि जेईईच्या गुणांवर ठरतो. बारावीच्या परीक्षेला पात्रतेपुरते स्थान उरले आहे. प्रवेशपरीक्षेत बहुतेक प्रश्नांना चार पर्याय असतात आणि त्यांतला एक बिनचूक निवडण्याचे कौशल्यच मुख्यतः गुण मिळवून देते. परिणामी खासगी शिकवण्या सूत्रे पाठ करून घेतात आणि प्रयोगशाळा ओस पडतात. बारावीच्या पदार्थविज्ञानात ३० गुण प्रात्यक्षिकाला आहेत. पण अनेक ठिकाणी प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून पूर्ण होतात आणि ते गुण सरसकट वाटले जातात, हे आता गुपित राहिलेले नाही. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयात यावे म्हणून २०१८ साली राज्य सरकारला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. यंत्राने बोटाचा ठसा मिळाला; मनाची हजेरी कशी लागणार?

यात पालकांना दोष देणे अन्यायाचे होईल. आंब्याच्या एका हंगामावर वर्षाचा संसार चालवणाऱ्या कुटुंबाने मुलाच्या शिक्षणातून शक्य तितक्या लवकर आणि खात्रीचे फळ मागावे, हे स्वाभाविक आहे. एका घराचा हा हिशेब बरोबरच असतो. मात्र सर्व घरांनी तोच हिशेब केला, की समाजाच्या पदरी तोटा येतो. कारण प्रयोगाने मिळणाऱ्या समजेचा लाभ एका घरापुरता राहत नाही आणि म्हणून तिच्यासाठी खर्च करायला कोणतेही एक घर पुढे येत नाही. अशा ठिकाणी शासनाने उणीव भरून काढावी, हा अर्थशास्त्राचा जुना सिद्धांत आहे.

त्याला फार द्रव्यही लागत नाही. तांब्याच्या नळीतून बलवान चुंबक सोडला, की तो संथपणे खाली उतरतो आणि तेवढाच पितळी तुकडा क्षणात पडतो. फॅरडे यांचा नियम याहून स्पष्ट कोणत्याही फळ्यावर लिहिता येणार नाही. तांबडा एलईडी दिवा दोन व्होल्टच्या आतच उजळू लागतो, निळ्याला अडीच व्होल्टच्या पुढे जावे लागते. एवढ्या दोन निरीक्षणांवरून प्लांक यांच्या स्थिरांकाचा ढोबळ अंदाज विद्यार्थ्याला स्वतः काढता येतो. ही सारी सामग्री बाजारात काही शे रुपयांत मिळते.

प्रश्न सामग्रीपेक्षा सक्तीचा आणि मोबदल्याचा आहे. प्रात्यक्षिकाची परीक्षा बाहेरच्या परीक्षकाने खरोखर घ्यावी. प्रवेशपरीक्षेत प्रयोगात घेतलेली मापने वाचून निष्कर्ष काढण्याचे प्रश्न ठळक प्रमाणात असावेत. परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवले जाते, हे सत्य निदान एकदा विज्ञानाच्या बाजूने वापरावे. आणि प्रयोगशाळा साहाय्यकांची रिक्त पदे भरण्याला नव्या इमारतींच्या आधी प्राधान्य मिळावे.

लहान गावातून मोठे विज्ञान निघत नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्लांक यांच्या नियमाची नवी उपपत्ती मांडली तेव्हा ते युरोपातील विज्ञानकेंद्रांपासून दूर, ढाक्क्याच्या नवख्या विद्यापीठात शिकवत होते. आइन्स्टाइन यांनी तिचे स्वतः जर्मन भाषांतर करून ती प्रसिद्धीस दिली. कुलाब्याला १८५९ साली सुईवर नजर ठेवून आकडे टिपणाऱ्यांना आपले आकडे दीडशे वर्षांनी कोणाच्या कामी येतील याची कल्पना नव्हती. त्यांनी फक्त सुई प्रामाणिकपणे वाचली. सहा हजार कोटींच्या अभियानाला अखेर हवी आहेत ती अशीच माणसे, आणि ती तयार व्हायची तर रत्नागिरीच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रश्नसंचाच्या आधी चुंबक पडला पाहिजे.